टाके कोण मोजणार?

मासिकाच्या कचेरीत शुद्धलेखन तपासणारा माणूस असतो. 'विणकाम'मधला 'वि' ऱ्हस्व आहे ना, 'क्रोशे' लिहायचं की 'क्रोशा', काना-मात्रा, स्वल्पविराम, सगळं तो बघतो. शब्दकोडं छापायचं असेल तर कुणीतरी ते आधी सोडवून बघतं. उभ्या सातचं उत्तर आडव्या बाराशी जुळलं नाही तर वाचकांची पत्रं जातात आणि पुढच्या अंकात चौकट टाकून दिलगिरी व्यक्त होते. त्याच अंकात चार पानं पुढे आठ वर्षांच्या मुलाच्या स्वेटरची कृती असते. तिच्यातले टाके मात्र कुणी मोजलेले नसतात. ते काम वाचणाऱ्या बाईवर सोडलेलं असतं. तिला ते कळतं लोकर विकत आणल्यावर आणि पंधरा दिवस विणून झाल्यावर.

हे मी रागावून लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. वय सत्तरीच्या पुढे गेल्यावर राग गिळायचं कारण उरत नाही.

उदाहरण दिल्याशिवाय आरोप करू नये असं मी वर्गात मुलांना सांगत असे, म्हणून उदाहरण देते. एका मासिकाच्या हिवाळी अंकातला स्वेटर. (मासिकाचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही मासिकाचं घेतलं असतं तरी चाललं असतं.) पाठीची कृती अशी: १० नंबरच्या सुईवर ८६ टाके घालून एक सुलट, एक उलट असा काठ विणा. मग ८ नंबरच्या सुया घेऊन नक्षी सुरू करा. नक्षी आठ-आठ टाक्यांची, आणि ओळीच्या शेवटी तीन टाके सुलट. मुंढ्यासाठी दोन्ही बाजूंना ६-६ टाके बंद करा. नंतर दर सुलट सुईला दोन्हीकडून एकेक टाका कमी करा, असं पाच वेळा. शेवटी खांद्याचे १८-१८ टाके बंद करून मधले २५ गळ्यासाठी ठेवा.

आता यात विणायचं काहीच नाही. पेन्सिल घ्या. आठ दाहे ऐंशी, वरचे तीन, झाले त्र्याऐंशी. मग ८६ कुठून आले? शेवटाकडून मोजा: १८, २५ आणि १८ मिळून ६१. पाच वेळा दोन-दोन म्हणजे १० मिळवा, ७१. मुंढ्याचे १२ मिळवा, ८३. दोन्हीकडून आलं तरी त्र्याऐंशीच. छापलेल्या ८६ ने सुरुवात केली की पहिल्याच नक्षीच्या ओळीत तीन टाके उरतात. बाई म्हणते, माझंच काही चुकलं असेल, आणि ते तीन टाके कुठेतरी सुलट विणून पुढे जाते. तेच तीन टाके तिच्या मागोमाग मुंढ्यापर्यंत जातात, मुंढ्यातून गळ्यापर्यंत जातात, आणि गळ्याशी २५ च्या जागी २८ होऊन बसतात. मग गळपट्टी जुळत नाही.

चूक कशी झाली असेल तेही सांगते. देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले आकडे आहेत. छत्तीसचा आकडा आपण त्यावरूनच म्हणतो. हाताने लिहिलेल्या कृतीतला ३ टाइप करणाऱ्याला ६ दिसला, यात त्याचा फार दोष नाही. अशा चुका होणारच. म्हणून तर तपासणारा लागतो. वर केलेला हिशोब चौथीतल्या मुलीला येतो, आणि त्याला पाच मिनिटं लागतात. तेवढी पाच मिनिटं त्या कचेरीत कुणाकडे नव्हती.

मी फोन केला होता. पलीकडचे गृहस्थ फार गोड बोलले. म्हणाले, "बाई, बायका तेवढं करून घेतात हो. अंदाज असतोच ना त्यांना."

या वाक्यावर माझं भांडण आहे. बायकांना अंदाज असतो, तो खराच असतो. पण ज्या बाईला पुरता अंदाज आहे तिला छापील कृती लागतच नाही. कृती लागते ती नवशिकीला. जिच्या गावात विचारायला कुणी नाही, जिची आई विणत नव्हती, जिला पहिल्या नातवासाठी टोपडं करायचं आहे, तिला. तिच्यासाठी तुम्ही छापता आणि तिच्याजवळ नसलेल्या कौशल्यावर विसंबून चुका सोडून देता. गणिताच्या पुस्तकात उत्तर चुकीचं छापून "पोरं करून घेतात हो" असं बालभारतीने म्हटलं तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा येईल. स्वेटरचं उत्तर चुकलं तर मथळा येत नाही. घरातल्या घरात एक बाई मुकाट्याने उसवत बसते.

इंग्रजी मुलखात या तपासणीला रीतसर नाव आहे, टेक्निकल एडिटिंग. कृती रचणारी वेगळी, ती तपासणारी वेगळी आणि तिला तासावर पैसे मिळतात. ती टाके मोजते, मापं ताडते, नक्षीचा आलेख आणि लिहिलेल्या ओळी जुळतात का ते पाहते, लोकर किती लागेल हे पडताळते. त्याखेरीज काही जणी कृती प्रत्यक्ष विणून बघतात, ते आणखी निराळं काम. तरीही तिकडे चुका निघतात, पण निघाल्या की चूकदुरुस्ती जाहीर होते. आमच्याकडे चूकदुरुस्ती मी शब्दकोड्याचीच पाहिली आहे.

मी मराठीची शिक्षिका, तेव्हा भाषेचं बोलल्याशिवाय राहवत नाही. या कृतींमध्ये सर्वांत घातकी शब्द कोणता असेल तर तो 'तसेच'. "डावा पुढचा भाग वरीलप्रमाणे पूर्ण करा. उजवा भाग तसाच विणा." आज्ञाधारक मुलगी तसाच विणते, आणि तिच्या हाती दोन डावे भाग येतात. मुंढा एकाच बाजूला, गळ्याचा उतार एकाच बाजूला. 'तसाच' नव्हे, 'आरशात दिसेल तसा', म्हणजे मुंढा आणि गळा यांच्या बाजू बदलून, असं लिहायला हवं. एक वाक्य जास्त पडेल, पडू दे.

दुसरा घातकी प्रकार चांदणीचा. "* पासून * पर्यंत ४ वेळा विणा." एकदा विणून झालंय, ते धरून चार की ते सोडून आणखी चार? दोन बायका दोन अर्थ काढतात आणि दोघींचंही व्याकरण बरोबर असतं. "आणखी ४ वेळा, म्हणजे एकूण ५" असं लिहिलं की वाद मिटला. असल्या जागा हेरणं हे खरं संपादन. ऱ्हस्व-दीर्घाची मी शत्रू नाही, माझी सगळी नोकरी त्यातच गेली. पण ऱ्हस्व वेलांटी चुकल्याने कुणाची अर्धा किलो लोकर वाया गेल्याचं ऐकिवात नाही.

मग नंबरांचा घोळ. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे. नंबर वाढला की सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत नेमकं उलटं, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची ८ नंबर ५ मिलिमीटरची आणि १० नंबर ६ मिलिमीटरची. तिकडची कृती उतरवून घेताना नंबर तसाच ठेवला की काय होईल ते सांगायला नको. आणि नंबर बरोबर असला तरी हात सारखे नसतात. कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. त्यासाठी आधी दहा सेंटिमीटरचा चौकोन विणून त्यात किती टाके बसतात ते मोजायचं असतं. वरच्या स्वेटरला दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके धरले तर ८३ टाक्यांची पाठ पावणेअडतीस सेंटिमीटर भरते, म्हणजे छातीचा घेर साडेपंचाहत्तर. तुमचा हात सैल आणि २० च टाके बसले, तर तोच घेर ८३ सेंटिमीटर! दोन टाक्यांच्या फरकाने तीन इंच. आठ वर्षांच्या मुलाचा स्वेटर बारा वर्षांच्याला होतो. माझ्याजवळ जपून ठेवलेले जे अंक आहेत, त्यांतल्या बहुतेक कृतींत हा चौकोन दिलेलाच नाही. 'साहित्य' या मथळ्याखाली लोकर, सुया आणि बटणं, माप नाही. ज्या जिल्ह्यात नरसी आहे, नामदेवांसारख्या शिंप्याचं गाव, तिथे बसून मापाचं महत्त्व सांगावं लागावं!

क्रोशाची तर आणखी तऱ्हा. ब्रिटिश ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो आपला मुका खांब. अमेरिकन ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो आपला साधा खांब. आणि डबल म्हणजे दुहेरी असं सरळ भाषांतर केलं की होतो दुहेरी खांब, जो या दोघांपेक्षाही उंच. एका नावात तीन वेगळे टाके.

हे नुसतं पुस्तकी वाटत असेल तर सेनगाव तालुक्यातल्या एका बचत गटाचं सांगते. गटाला शहरातल्या एका दुकानाकडून चाळीस गोल रुमालांचं काम मिळालं. टेबलावर टाकायचे, सगळे एका मापाचे. सोबत एक पुस्तिका आली, मराठीतली. तिच्यात सगळीकडे "ड. क्रो." एवढंच. खुलासा कुठेही नाही. गटातल्या एकीने क्रोशे नांदेडला ब्रिटिश पद्धतीच्या पुस्तकावरून शिकलेलं, तिने आणि तिच्या दोघी मैत्रिणींनी मुके खांब घातले. काहींनी साधे खांब घातले. उरलेल्यांनी अक्षरशः अर्थ घेऊन दुहेरी. प्रत्येक फेरीला १२ टाके वाढवा असं लिहिलं होतं, ते सगळ्यांनी इमानाने वाढवले.

गोल सपाट राहायचा तर टाक्याच्या उंचीप्रमाणे वाढ ठरते. परिघ त्रिज्येच्या सहापटीहून थोडा जास्त, हे आपण शाळेत शिकलो. मुका खांब उंचीला आणि रुंदीला जवळपास सारखा, म्हणून त्याला फेरीला ६ टाके वाढवले की पुरतात. साधा खांब सुमारे दुप्पट उंच, त्याला १२ लागतात. दुहेरी खांबाला त्याहून जास्त. त्यामुळे झालं असं की मुक्या खांबांचे रुमाल कडेला झालरीसारखे फुगले, दुहेरी खांबांचे वाटीसारखे वर वळले, आणि साध्या खांबांचे तेवढे सपाट बसले. दुकानाने चौदा ठेवून घेतले आणि सव्वीस परत पाठवले. उसवलेल्या दोऱ्याला नवा म्हणून कोण घेणार? मजुरी गेली ती गेलीच, दोऱ्याचे पैसेही गटाच्या खात्यातून गेले.

मला त्या बायका भेटल्या तेव्हा पहिलं वाक्य काय असावं? "आमचंच चुकलं असंल, बाई."

नाही चुकलं. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर "ड. क्रो. म्हणजे साधा खांब, सुईवर एक अढी घेऊन" एवढी एक ओळ असती तर चाळीसच्या चाळीस रुमाल विकले गेले असते. एक ओळ! २०१६ च्या जानेवारीत चेन्नईला मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण करून गिनेसमध्ये नोंद केली. कितीतरी जणींनी आपापल्या घरी बसून विणलेले तुकडे तिथे एकाला एक जोडले गेले. माप आधी ठरलेलं असल्याशिवाय असं काम जोडता येत नाही. सेनगावच्या बायकांचा हात चेन्नईच्या बायकांपेक्षा कमी नाही. त्यांना मिळालेला कागद कमी पडला.

आता, या कागदाची कुणाला फिकीर का नाही? माझ्या मते याचं कारण विणकामात नाही. आमच्या जिल्ह्यातलं पाणी शेवटी ज्या गोदावरीला जाऊन मिळतं, तिच्या मुखाजवळ आंध्रात नरसापूर आहे. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या क्रोशाच्या लेस विणतात आणि त्या परदेशी जातात. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, 'द लेसमेकर्स ऑफ नरसापूर', १९८२ साली. त्यांनी दाखवलं की या बायका दिवसाचे कितीतरी तास राबत, पण त्यांना कामगार कुणी म्हणतच नव्हतं. त्या गृहिणी, आणि लेस म्हणजे त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. एकदा फावला वेळ म्हटलं की त्याला मोल राहत नाही, मजुरी कितीही कमी दिली तरी चालते. मला वाटतं तोच हिशोब कृती छापणाऱ्यांच्या डोक्यात आहे. बाईने पंधरा दिवस विणलं आणि उसवलं, यात गेलं काय? फावला वेळच ना! पंप बसवायच्या माहितीपत्रकात चुकीचा आकडा छापून तर पाहा, शेतकरी दुकानात येऊन उभा राहील.

यावर दोन युक्तिवाद ठरलेले असतात. पहिला: आपल्या आया-आज्या कुठे छापील कृती वाचत होत्या? अगदी खरं. त्या शेजारणीच्या अंगातला स्वेटर पाहून नक्षी उचलत. पण तिथे शेजारीण समोर असायची. चुकलं की ती हातातून सुया घेऊन दोन ओळी उसवून दाखवायची. तपासणी त्या शिकवण्यातच होती. कृती कागदावर आली तेव्हा शेजारीण गेली. तिची जागा कुणाला तरी द्यायला हवी होती, ती दिली नाही.

दुसरा युक्तिवाद: आता यूट्यूब आहे, कृती कोण वाचतंय! यूट्यूबने पुष्कळ जणी शिकल्या, मीही बघते. टाका कसा घालायचा हे हात पाहूनच नीट कळतं. पण पूर्ण कपडा करायचा तर आकडे लागतात, आणि बहुतेक ताई तिथे "आपल्या अंदाजाने वाढवून घ्या" म्हणून पुढच्या भागाकडे जातात. पुन्हा अंदाज आलाच. त्यात आता यंत्राने लिहिलेल्या कृती आणि यंत्राने काढलेले फोटो निघाले आहेत. २०१८ साली जॅनेल शेन या संशोधिकेने संगणकाला विणकामाच्या कृती वाचायला देऊन त्याच्याकडून नव्या लिहून घेतल्या होत्या. हौशी बायकांनी त्या हसत हसत विणल्या, काहीच्या बाही आकार निघाले. ती गंमत होती, उघडपणे केलेली. आताचा प्रकार उघड नाही. फोटोतला हत्ती कुणी विणलेलाच नसतो आणि कृती मात्र पैसे घेऊन विकली जाते. पूर्वी निदान एका बाईने तरी तो स्वेटर विणलेला असायचा.

आणि कुणी म्हणेल, मराठीत हे जमणारं नाही, बाजार लहान आहे, तर त्याला 'रुचिरा' दाखवावी. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं. वाटी आणि चमचा ही मापं देऊन त्यांनी पदार्थ सांगितले. "अंदाजाने मीठ" म्हणून सुटका करून घेतली नाही. नव्या सुनेला पुस्तक उघडून पदार्थ करता येऊ लागला, म्हणून ते घराघरांत गेलं. स्वयंपाकाला जे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी मिळालं ते विणकामाला अजून मिळालेलं नाही.

मागणी काही मोठी नाही. टाक्यांचा हिशोब दोन्ही टोकांनी करून बघा. दहा सेंटिमीटरच्या चौकोनाचे टाके द्या. सुईचा नंबर देताना कंसात मिलिमीटर लिहा. संक्षेपांचा खुलासा पहिल्या पानावर करा, आणि तो 'ड. क्रो.' असा नको, मुका खांब, अर्धा खांब, खांब, दुहेरी खांब असा करा. इतके नेमके शब्द आपल्या बायकांनी आधीच घडवून ठेवले आहेत. आणि हे सगळं बघणाऱ्या बाईला मुद्रितशोधकाइतके तरी पैसे द्या, कृतीखाली तिचं नाव छापा. नाव छापलं की ती टाके नीट मोजेल. अशा मुली आमच्या हिंगोली, वसमत, कळमनुरीत हव्या तितक्या मिळतील. गणित बरं, हातात सुई, आणि बाहेरगावी नोकरीला पाठवायला घरचे तयार नाहीत.

त्या हिवाळी अंकातल्या स्वेटरची दुरुस्त कृती माझ्याकडे तयार आहे, ८३ टाक्यांची, उजव्या भागासकट. कुणाला छापायची असेल तर खुशाल छापा, त्याचं मानधन मला नको. पुढच्या कृतीचं मात्र द्यावं लागेल, ती तपासणाऱ्या मुलीला, आणि छापण्याआधी.